फायनल इयर, इंटर्नशिप आणि बाँडचं वर्ष: अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या हिशेबाने कसं आखावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सरकारी मेडिकल कॉलेजात आहेस, फायनल इयर नुकतं सुरू झालंय, स्टेप वन (अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेचा पहिला टप्पा) अजून दिलेली नाही, अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं पदव्युत्तर प्रशिक्षण, करायचंय. फायनलची परीक्षा, दोन स्टेप्स, अमेरिकेतलं इलेक्टिव्ह, इंटर्नशिप आणि वर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष हे सगळं कुठे बसवायचं? शिवाय बरोबरचे सगळे म्हणतात, इंटर्नशिपमध्येच अर्ज केला नाही तर एक वर्ष फुकट गेलं.

तू मला ज्युनिअर, म्हणून एकेरीत लिहिते. मी २०१८ची बॅच, सरकारी कॉलेजचीच. मार्च २०२५च्या मॅचमध्ये (अर्जदार आणि रेसिडेन्सीच्या जागा जुळवणारी प्रक्रिया) इंटर्नल मेडिसिन मिळालं आणि आता तेच करतेय.

वर्ष फुकट जातं हे आधी डोक्यातून काढून टाक. तुझ्या जागी मी असते तर बाँडचं वर्ष हेच अर्जाचं वर्ष ठेवलं असतं. मी तेच केलं. का, ते कळायला कॅलेंडर उलटं वाचावं लागतं.

तिकडे रेसिडेन्सी १ जुलैला सुरू होते. मॅचचा निकाल मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी. रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमची (रेसिडेन्सी देणाऱ्या विभागांची) पसंतीक्रमाने लावलेली यादी, मार्चच्या सुरुवातीला बंद होते. इंटरव्ह्यू साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. आणि सप्टेंबरच्या अखेरीस एका बुधवारी इरासवरची (अर्जाच्या ऑनलाइन यंत्रणेवरची) तुझी फाइल सगळ्या प्रोग्रॅमना एकाच वेळी उघडते. माझ्या वेळी तो बुधवार होता २५ सप्टेंबर २०२४. बरेच प्रोग्रॅम पहिल्या काही दिवसांतच फिल्टर लावून फाइली वेगळ्या काढतात. स्टेप टूचा स्कोअर ऑक्टोबरमध्ये आला, एखादं शिफारसपत्र नोव्हेंबरमध्ये चढलं, तर तोवर चाळणी होऊन गेलेली असते. म्हणून माझ्या वहीत एकच तारीख लाल पेनाने लिहिलेली होती, तो बुधवार. बाकी सगळं तिथून मागे मोजत आणलं होतं.

आता तुझा हिशेब मांडू. समज, फायनल फेब्रुवारी २०२७ला आणि इंटर्नशिप एप्रिल २०२७ ते एप्रिल २०२८. घाईचा मार्ग म्हणजे सप्टेंबर २०२७ला अर्ज, मार्च २०२८ला मॅच, १ जुलै २०२८ला रुजू. इंटर्नशिप संपल्यापासून हातात उरतात अडीच महिने. त्यात कम्प्लीशन, डिग्री, ईसीएफएमजीची (परदेशी पदव्या तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेची) पडताळणी आणि सर्टिफिकेट, मग व्हिसा. एखाद्या पोस्टिंगचं एक्स्टेन्शन बसलं की सगळं कोसळतं. मॅच झालेली जागा बंधनकारक असते, 'पुढच्या वर्षी येते' असं म्हणता येत नाही. आणि बाँड? सेवा केली नाही तर दहा लाख भरा. ज्यांची स्टेप वन तिसऱ्या वर्षातच झाली आहे आणि ज्यांना बाँडची अडचण नाही, त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. तुझी स्टेप वन व्हायची आहे.

सावकाश मार्गात अर्ज सप्टेंबर २०२८ला आणि रुजू जुलै २०२९ला. मधलं एक वर्ष बाँडमध्ये तसंही जाणारच. दहा लाख वाचतात, पगार मिळतो, आणि त्या वर्षानं अर्जाला काय दिलं ते पुढे सांगते. ग्रॅज्युएशनला एक वर्ष उलटलं म्हणून मला कुणी अडवलं नाही. बऱ्याच प्रोग्रॅमची मर्यादा पाच वर्षांच्या आसपास असते.

फायनल इयरबद्दल फार लिहीत नाही. स्टेप वन पहिल्या सहामाहीत उरकून टाक, प्रिलिम्सच्या आधीच्या चार-पाच महिन्यांत अजिबात ठेवू नकोस. जानेवारी २०२२पासून तिचा निकाल फक्त पास की नापास एवढाच असतो, त्यामुळे आकड्यामागे धावायचं नाही, पण नापासाचा शिक्का कायम राहतो. परीक्षा बनवणाऱ्या एनबीएमई या संस्थेच्या सराव परीक्षांत सलग सुरक्षित स्कोअर येत नाही तोवर बसायचं नाही. एकदा स्टेप वन झाली की फायनलचा अभ्यास हाच स्टेप टूचा अभ्यास. मेडिसिनचा एक टॉपिक वाचला की त्याच रात्री यूवर्ल्ड या प्रश्नसंचातले त्यावरचे प्रश्न सोडवायचे. आपल्याकडच्या लाँग केसला जे लागतं आणि तिकडच्या प्रश्नाला जे लागतं, त्यात वाटतं तेवढं अंतर नाही. स्टेप टू इंटर्नशिपच्या सहाव्या-सातव्या महिन्यात दे, मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंग होऊन गेल्यावर. नऊ तासांची परीक्षा आहे आणि आता आकडा फक्त हिचाच दिसतो, म्हणून आदल्या आठवड्यात नाइट ड्युटी येणार नाही हे युनिटमध्ये आधीच बोलून ठेव. ओईटी, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, त्यानंतर.

इलेक्टिव्हबद्दल मात्र नीट ऐक, कारण इथे चूक झाली तर दुरुस्त होत नाही. इलेक्टिव्ह म्हणजे विद्यार्थी म्हणून वॉर्डात प्रत्यक्ष पेशंट बघणं. ते इंटर्नशिप संपायच्या आतच. एकदा इंटर्नशिप पूर्ण झाली की तू ग्रॅज्युएट, मग बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिपच मिळते. ती म्हणजे मागे उभं राहून बघणं. पत्र दोन्हीतून मिळतं, पण ज्यानं तुला काम करताना पाहिलंय त्याचं पत्र वेगळं उतरतं.

मी पहिलं चार आठवड्यांचं इलेक्टिव्ह फायनलची प्रॅक्टिकल संपल्यावर, निकालाची वाट बघण्याच्या काळात केलं. दुसरं इंटर्नशिपमध्ये. वर्षाला रजा पंधराच दिवस, म्हणून दोन आठवड्यांचं एक्स्टेन्शन पत्करलं. सावकाश मार्ग धरला होता म्हणूनच ते परवडलं. जागेसाठी आठ-नऊ महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी स्टेप वनचा निकाल मागतात. लसीकरणाचे कागद मागतात: हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्यांचे टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं मोजमाप). टीबीसाठी मांटू (त्वचेवरची टेस्ट) करत बसू नकोस. आपल्याला बीसीजी दिलेली असते, मांटू पॉझिटिव्ह आली की पुढे खुलासे देत बसावं लागतं. सरळ रक्ताची क्वांटिफेरॉन टेस्ट कर.

पहिल्या दिवशीचा राउंड अजून डोळ्यांसमोर आहे. हार्ट फेल्युअरचे एक आजोबा मला दिले होते. मी आपल्या पद्धतीनं सुरू केलं: नाव, वय, व्यवसाय, राहणार कुठले, तक्रारी कालक्रमाने. अटेंडिंग, म्हणजे युनिटचे वरिष्ठ डॉक्टर, साठीचे, शांत गृहस्थ. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, ''आज यांचं काय करायचं असं तुम्हाला वाटतं?'' मला काही वाटतच नव्हतं. साडेचार वर्षं मी जे वाटतं ते सरांना विचारून सांगत आले होते. त्या रात्री वहीत चार ओळी लिहिल्या: रात्रीत वजन किती उतरलं, युरिन किती झाली, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कालच्यापेक्षा चढलं का, आणि म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) शिरेतूनच चालू ठेवायचं की गोळीवर आणायचं. दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला वॉर्डात जाऊन आजोबांना स्वतः वजनकाट्यावर उभं करायला लागले. पुढे डिसेंबरात एका इंटरव्ह्यूत समोरच्या बाई म्हणाल्या, ''तुम्ही पेशंटचं वजन स्वतः करता असं पत्रात आहे.'' पत्र मी पाहिलेलं नव्हतं, पाहण्याचा हक्क सोडून द्यायचा असतो. पण काय लिहिलं असेल ते त्या क्षणी कळलं.

म्हणून आतापासून, आपल्याच वॉर्डात, प्रत्येक केसच्या शेवटी स्वतःचं मत आणि आजचा प्लॅन मनात तरी मांडत जा. आणि आपल्याकडच्या सरांकडून पत्र घेशील तेव्हा 'बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर' छापाचं घेऊ नकोस. त्यांना तुझ्या हातच्या दोन केसेसची आठवण लिहून दे, ते त्यावरून लिहितील. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात. मी तीन अमेरिकेतली आणि एक आपल्या मेडिसिनच्या सरांचं जोडलं.

कागदपत्रांबद्दल एकच गोष्ट. डीनच्या सहीचं एमएसपीई (विद्यार्थ्याच्या कामगिरीचं पत्र) आणि ट्रान्सक्रिप्ट इंटर्नशिप संपायच्या आत मागून ठेव. माझा एक कागद एका टेबलावर पाच आठवडे पडून होता. रोज कॉलेजच्या आवारात होते म्हणून पाठपुरावा करता आला. पोस्टिंगवर गेल्यावर ते जमलं नसतं.

आता बाँडचं वर्ष. मला नंदुरबार जिल्ह्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. जून ते ऑगस्ट अर्ज भरायचा काळ, आणि तोच सर्पदंशाचा मोसम. इरासमध्ये जास्तीत जास्त दहा अनुभव लिहिता येतात, त्यातले तीन सगळ्यात महत्त्वाचे म्हणून सविस्तर. माझा पहिला अनुभव एका काचेच्या टेस्ट ट्यूबबद्दल होता. घोणस चावल्याचा संशय आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, वीस मिनिटांनी एकदा तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर दहा व्हायल अँटिव्हेनम सुरू. लॅब नाही, रिपोर्ट नाही, घड्याळ आणि ट्यूब. ती वीस मिनिटं नातेवाईक तुझ्या तोंडाकडे बघत असतात आणि तू ट्यूबकडे. मी ते जसं घडलं तसं लिहिलं. जवळजवळ प्रत्येक इंटरव्ह्यूत कुणीतरी त्या ट्यूबबद्दल विचारलं, आणि मला उत्तर पाठ करावं लागलं नाही. रिसर्चचे दोन पेपर होते माझे, त्यांच्याबद्दल फक्त एकदा विचारणा झाली. तुझा पेपर असेल तर उत्तमच, पण नाव लावून घ्यायला कुणाच्या मागे धावत वर्ष घालवू नकोस.

इंटरव्ह्यू २०२०पासून बहुतेक व्हिडिओवरच होतात, म्हणून हे वर्ष इथे राहून निभतं. क्वार्टरमध्ये नेटवर्क धड नव्हतं. इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारची ओपीडी आटपून, ड्युटी बदलून घेऊन, दीड तास एसटीनं मावशीकडे जायचे. तिच्या देवघराशेजारच्या भिंतीसमोर लॅपटॉप ठेवायचे. वेळेचा घोळ मात्र सांभाळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. २०२४ला तो रविवार नेमका भाऊबीजेचा होता. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच, भाऊबीजेनंतर साडेसहा. शिकागोचे आठ आपल्याकडे त्याच्याही एक तास नंतर. मी सगळ्या वेळा भारतीय वेळेत कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या.

खर्चाचा अंदाज घरी आत्ताच दे. माझ्या हंगामात पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर होते. माझे ९० अर्ज २,१३० डॉलरना पडले. परीक्षा, इलेक्टिव्ह, विमानाची तिकिटं वेगळी. इंटर्नल मेडिसिनला तेव्हा १५ सिग्नल (या प्रोग्रॅममध्ये खास रस आहे हे कळवायच्या खुणा) होते, ३ गोल्ड आणि १२ सिल्व्हर. ते नावाजलेल्या संस्थांवर उधळू नकोस. ज्या प्रोग्रॅममध्ये सध्या आपल्यासारखे परदेशी पदवीचे रेसिडेंट दिसतात आणि जे व्हिसा देतात, तिथे ठेव. बाहेरच्या देशाच्या नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी २०२५ला साधारण ५८ टक्क्यांना मॅच मिळाला. शंभरातले चाळीसेक राहिले, हेही घरच्यांना माहीत असू दे. तोवर नीट पीजीचा फॉर्म भरून ठेवण्यात कमीपणा नाही.

रँक लिस्ट लावताना 'कुठे मिळेल' हा विचार करायचा नाही, कुठे जायला आवडेल त्याच क्रमाने लावायची. तो अल्गोरिदम अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतो. अल्विन रॉथ यांनी १९९०च्या दशकात त्याची आत्ताची रचना केली आणि अशाच कामासाठी २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर मिळालं. वर ठेवलेल्या प्रोग्रॅमनं नाही घेतलं तर खालच्याचा तुझा हक्क कमी होत नाही.

व्हिसा बहुतेक जे-वन, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा. २०२५च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्यामुळे आता त्यावर भिस्त ठेवू नये. जे-वनला दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड (देशाला अशा डॉक्टरांची गरज असल्याचं पत्र) लागतं, आणि रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करून सूट घ्यायची. हे आईबाबांशी आत्ता बोल, मॅचच्या रात्री नको. माझा निकाल रंगपंचमीनंतर दोन दिवसांनी, रात्री साडेनऊला लागला, आणि बाबांचा पहिला प्रश्न होता, ''परत कधी?''

या आठवड्यात दोनच गोष्टी कर: टायटर आणि क्वांटिफेरॉनसाठी रक्त दे, आणि कॉलेजमध्ये इलेक्टिव्हच्या एनओसीवर सही कोण करतं ते विचारून ये. स्टेप वनची तारीख ठरली की इथेच खाली लिही, पुढचे महिने मी मांडून देईन.