१९७५ साली सायगावहून दत्तक आलेल्या माझ्या नवऱ्याची जन्मदाती आई आता सापडेल का? कोणती डीएनए चाचणी करावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय: ‘आईनं त्याला अनाथालयात टाकून दिलं होतं, तिच्या अंगठ्याचा कागद आमच्याकडे आहे.’ चाचणीचं खाली सांगते. पण हे ‘टाकून दिलं’ आधी खोडा. शोध फसतो तो बहुतेक वेळा इथूनच. अंगठा खरा मानला की माणूस त्याच कागदावरचं नाव, तारीख आणि गावही खरं मानतो, आणि मग वर्षानुवर्षं चुकीच्या दारावर टकटक करत बसतो.

दक्षिण व्हिएतनाममधली त्या काळातली अनाथालयं फक्त अनाथांची नव्हती. नवरा लढाईत, गाव जळालेलं, अंगावर दूध नाही, अशी बाई बाळाला काही महिन्यांसाठी नन्सकडे ठेवायची आणि जमेल तसं भेटून यायची. ३ एप्रिल १९७५ ला अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी ऑपरेशन बेबीलिफ्ट, म्हणजे अनाथालयांतली मुलं विमानानं बाहेर नेण्याची मोहीम, जाहीर केली आणि त्या महिन्यात अडीच हजारांहून जास्त मुलं बाहेर नेली गेली. दुसऱ्याच दिवशी, ४ एप्रिलला, पहिलं सी-५ गॅलक्सी विमान सायगावजवळ कोसळलं. १३८ माणसं गेली, त्यात ७८ मुलं. बऱ्याच मुलांची कागदपत्रंही त्यात गेली. ही मुलं खरंच अनाथ आहेत का, हा प्रश्न घेऊन त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात खटलाही उभा राहिला होता. म्हणजे ही शंका आज कुणी नव्यानं काढलेली नाही.

एक प्रकरण तपशिलात सांगते. ओळख पटेल असं सगळं वगळलंय.

१९७४ साली जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली एक बाई. हातात एकच कागद, पातळ, टाइप केलेला, कार्बन प्रत. बाप ‘वो यान्ह’, म्हणजे अज्ञात. आईच्या नावापुढे नुसतं ‘बाय’. जन्मस्थान ‘किएन होआ’. खाली निळ्या शाईचा अंगठा, इतका पसरलेला की रेषा दिसत नाहीत.

आजच्या नकाशात किएन होआ नाही. सायगावमधल्या एका पैसे घेऊन शोध करणाऱ्यानं ठरवून टाकलं की ही टायपिंगची चूक, ‘खान्ह होआ’ असणार. आणि कुटुंबाला सायगावपासून चारशेहून जास्त किलोमीटरवर न्हा त्रांगकडे फिरवून आणलं. चूक टायपिस्टची नव्हती. किएन होआ हे बेन त्रे प्रांताचं १९७५ पूर्वीचं नाव, सायगावपासून शंभर किलोमीटरच्या आत. १९७५ पर्यंतच्या दक्षिण व्हिएतनामी राजवटीनं कितीतरी प्रांतांना नवी नावं दिली होती आणि ती पुढे टिकली नाहीत. विन्ह बिन्ह म्हणजे त्रा विन्ह, फाँग दिन्ह म्हणजे कान थो, बा शुएन म्हणजे सोक त्रांग, डिन्ह तुओंग म्हणजे मी थोचा भाग. सायगावभोवतीचा जा डिन्ह प्रांत तर शहरातच विरून गेला. त्यावर आता १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं ६३ प्रांतांचे ३४ केलेत आणि जिल्हा हा स्तरच काढून टाकलाय. बेन त्रे आज विन्ह लाँग प्रांतात मोडतो. म्हणून पत्ता तीनदा लिहायचा: कागदावरचा, १९७५ नंतरचा आणि आजचा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिला कळतो, कचेरीत तिसरा लागतो.

आता ‘बाय’. मराठी कानाला बाई ऐकू येतं, पण तो आकडा आहे: सात. दक्षिणेत घरात मुलांना क्रमानं हाक मारतात, आणि मोजणी दोनापासून सुरू होते. थोरलं मूल ‘हाय’ म्हणजे दोन, त्यामागचं ‘बा’ म्हणजे तीन, शेंडेफळ ‘ऊट’. म्हणजे बाय ही सातवी नव्हे, सहावी. नननं नाव विचारलं, बाईनं सगळं गाव मारतं ती हाक सांगितली, तेच कागदावर चढलं. सरकारी नोंदीतलं तिचं नाव पूर्णपणे वेगळं होतं. बायच्या नावानं नोंदवह्या चाळण्यात या कुटुंबाची चार वर्षं गेली.

मधल्या काळात त्यांनी दुसरी चूक केली. फेसबुकवर बाळपणीचा फोटो टाकला आणि सोबत असेल नसेल तेवढी सगळी माहिती, अगदी डाव्या गुडघ्यामागच्या भाजल्याच्या डागासकट. महिन्याभरात तीन बायका पुढे आल्या आणि तिघींनीही डागाचं सांगितलं. त्या खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. मूल हरवलेल्या बाईला पन्नास वर्षांनी असा डाग वाचला की तो आठवायलाही लागतो. पण पडताळ्याची एकमेव खूण त्या दिवसापासून निकामी झाली. तुमच्या नवऱ्याच्या अंगावर जन्मखूण किंवा व्रण असेल तर तो कुठेही लिहू नका. दुभाष्यालाही सांगू नका.

गाठ सुटली ती डीएनएवर. कॅलिफोर्नियातल्या एका माणसाशी १,७६८ सेंटीमॉर्गन जुळले (दोघांत किती डीएनए सारखा आहे ते मोजायचं हे माप). आई-मुलात हा आकडा ३,४०० च्या वर असतो, सख्ख्या भावंडांत साधारण २,३०० ते २,९००, सख्ख्या चुलत-मामे भावंडांत ८५० च्या आसपास. १,७६८ म्हणजे सावत्र भावंड, मामा किंवा काका, भाचा किंवा पुतण्या, नाहीतर आजोबा. नुसत्या आकड्यावरून यात निवड करता येत नाही. तो १९६९ चा, म्हणजे आजोबा नाही. त्याचा बाप अमेरिकन सैनिक, आणि ही पूर्ण व्हिएतनामी. तो तिच्या आईचा किंवा बापाचा सख्खा भाऊ असूच शकत नाही, आणि सावत्र मामा-काका असता तर आकडा याच्या निम्मा आला असता. उरलं एवढंच: आई एक, बाप वेगळे, नाहीतर तो तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. दोन्हीतही वाट त्याच्या आईकडेच जात होती. अमेरिकन बापाच्या व्हिएतनामी मुलांसाठी केलेल्या १९८७ च्या अमेरेशियन होमकमिंग कायद्याखाली तो १९९० साली बायकोसोबत अमेरिकेत आला होता. त्याच्या कागदांवर आईचं खरं नाव होतं. आई बेन त्रेमध्येच राहिली होती, आणि शेजारीपाजारी तिला अजून बाय म्हणूनच हाक मारत होते.

तर, तुमच्या प्रश्नाकडे. नवरा मिश्र वंशाचा असेल आणि बापाचाही शोध हवा असेल तर आधी अँसेस्ट्री या कंपनीची चाचणी, कारण अमेरिकन माणसं सर्वांत जास्त तिथे आहेत. तिथली मूळ डेटा फाइल उतरवून जेडमॅचवर चढवा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली तिथे जुळवून बघता येतात. व्हिएतनामी बाजूसाठी एकाच कंपनीवर थांबू नका. व्हिएतनाममध्ये राहणाऱ्यांनी अशी चाचणी क्वचितच केलेली असते. जुळणी येते ती कॅलिफोर्निया, टेक्सास, ऑस्ट्रेलिया, फ्रान्समध्ये गेलेल्या मावस-मामे नातलगांची, आणि ते कुठल्या कंपनीत सापडतील याचा नेम नाही. वीस सेंटीमॉर्गनच्या खालच्या जुळण्यांमागे वेळ घालवू नका. दोनशेच्या आसपासची आली तर ती दुसऱ्या पिढीतली चुलत-मामे भावंडं असू शकतात. त्यांच्या आजीचं गाव आणि १९७५ पूर्वीचा प्रांत विचारा, बाकी काही आधी विचारू नका. ‘माझी आई शोधतोय’ हे पहिल्याच निरोपात लिहिलं की पुष्कळदा उत्तरच येत नाही.

नवरा अमेरिकेत दत्तक आला असेल तर डीएनएचा निकाल येईपर्यंत अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून त्याची ए-फाइल, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाची सरकारी फाइल, मागवा. तिथल्या माहिती अधिकाराखाली ऑनलाइन अर्ज होतो, आणि ए-क्रमांक नागरिकत्वाच्या दाखल्यावर असतो. दत्तक पालकांकडे नसलेला एखादा कागद त्यात निघतो. दत्तक देणाऱ्या संस्थेकडची फाइल वेगळी मागवायची.

कागद वाचताना स्वरचिन्हं बघा. अमेरिकन टाइपरायटरवर ती गळून पडतात, आणि डी-यू-एन-जी या चार अक्षरांतून मुलीचंही नाव निघतं, मुलाचंही. डी अक्षराला आडवी रेघ असेल तर उच्चार ‘ड’, नसेल तर दक्षिणेत ‘य’. ‘थी’ हा मधला शब्द बहुतेक वेळा बाईचा, ‘वान’ पुरुषाचा. न्गुयेन आडनावावरून काहीच ठरत नाही, तिथे दहातली तीन-चार माणसं न्गुयेन. वयाचंही तसंच. जन्मताच एक वर्ष धरतात आणि दर तेतला, म्हणजे चांद्र नववर्षाला, एक वाढवतात. ‘तेव्हा मी वीस वर्षांची होते’ म्हणजे आपल्या हिशेबानं अठरा किंवा एकोणीस. बाळाचं साल विचारू नका, प्राणी विचारा. १९७५ चं तेत ११ फेब्रुवारीला होतं, त्यामुळे त्या जानेवारीतलं बाळ वाघाचं, मार्चमधलं मांजराचं. हो, मांजर, चिन्यांचा ससा तिथे मांजर होतो. आई तारीख विसरेल, प्राणी सहसा विसरत नाही.

एखादी बाई पुढे आली तर नमुना घेताना काय बिघडतं ते सांगते. मेकाँगच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायका पान-सुपारी खातात. चूळ भरायला लावा आणि तासभर काही खाऊ-पिऊ देऊ नका, चहासुद्धा नाही. गालाच्या आतून दोन्ही बाजूंना मिनिटभर नीट घासायचं. किटमध्ये नळी असेल तर टोक नळीत. कोरडा स्वॅब असेल तर हवेवर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओला गेला की त्या दमट हवेत बुरशी धरते. पाकिटावर पूर्ण नाव चिन्हांसकट तिच्याच हातानं, किंवा घरातल्या कुणाकडून लिहून घ्या. आई-मुलाचा साधा पडताळा तिथल्या प्रयोगशाळाही करतात. एखाद्याच ठिकाणी विसंगती दिसली तर तो बदल नैसर्गिकही असू शकतो, तेवढ्यावर नाही म्हणू नका. पण आई हयात नसेल आणि मावशी किंवा सावत्र भाऊ समोर असेल तर ही साधी चाचणी घेऊच नका. निकाल ‘सांगता येत नाही’ असाच येतो, आणि लोक त्याचा अर्थ नकार असा घेतात. तिथे सेंटीमॉर्गन मोजणारी चाचणीच हवी.

दुभाष्या दक्षिणेतला घ्या, आणि त्याला एक गोष्ट आधीच बजावा. व्हिएतनामीत कोरडं ‘मी’ आणि ‘तुम्ही’ नसल्यासारखंच. माणूस नात्यानंच बोलतो. दुभाष्यानं पहिल्याच वाक्यात ‘मा’ म्हटलं की त्या बाईला आई म्हणून झालं, निकाल काहीही येवो. निकालापर्यंत ‘यी’ म्हणायचं, म्हणजे मावशी. आईच्या वयाच्या बाईला तिथे तसंही तेच म्हणतात, त्यामुळे कुणाला खटकत नाही. घरी चिठ्ठी पाठवू नका, आधी चौकीत चौकशी तर मुळीच नको. १९७५ नंतर अमेरिकनांशी संबंध दिसेल या भीतीनं बायकांनी फोटो जाळले, पत्रं जाळली. तिच्या आताच्या नवऱ्याला आणि मुलांना यातलं काहीच माहीत नसेल. एखाद्या बाईमाणसाला एकटीला भेटायला पाठवा.

दत्तक कुटुंबांना मदत करणारे एक गृहस्थ गेली कित्येक वर्षं माझ्याशी एकाच मुद्द्यावर भांडतात: आईला मूल हवं असतं तर ती शोधत आली नसती का? कुठे येणार होती? अमेरिकेनं व्यापारबंदी उठवली १९९४ मध्ये, दोन्ही देशांचे संबंध पूर्ववत झाले १९९५ मध्ये. तोवर वीस वर्षं गेलेली. तिच्या हातात पत्ता नव्हता, मुलाचं नवं नाव नव्हतं, देश कोणता तेही माहीत नव्हतं. अंगठ्याचा कागद इकडे आला, त्याची प्रत तिला कुणी दिली नाही. वरच्या प्रकरणातली बाय त्या मे महिन्यात सायगावला अनाथालयात गेली होती. खाटा रिकाम्या होत्या. आपण भरतीच्या पावतीवर अंगठा दिला असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. तिला वाचता येत नव्हतं. आणि हा कागद मी त्या गृहस्थांना दाखवला, तेव्हा त्यांनीही एवढंच पाहिलं की अंगठा आहे.

दोन गोष्टी राहिल्या. प्रश्न तुम्ही विचारलाय, तुमच्या नवऱ्यानं नाही. त्याची इच्छा नसेल तर यातलं काहीही करू नका. त्याच्या पाठीमागे चाचणी तर नाहीच. आणि काही मुलं दुसऱ्याच मुलाच्या कागदांवर आली, कारण ज्याचे कागद तयार होते ते मूल आजारी पडलं किंवा दगावलं होतं. डीएनए आणि कागद जुळलेच नाहीत तर कागद बाजूला ठेवा, पण फाडू नका. तो ज्याचा असेल त्याचीही आई कुठेतरी असेल.