गाणं चालू, प्रार्थना बंद

प्रश्न: सलाम दादा. चौदा वर्षं झाली मी चर्चच्या कॉयरमध्ये (गायनवृंदात) गातेय, रविवार शक्यतो चुकवत नाही, पण खरं सांगू का, गेलं वर्षभर प्रार्थनेला बसलं की डोकं एकदम कोरं होतं. बायबल उघडते, दोन वचनं वाचते की हातात मोबाईल. मध्ये मंडळीत तीन दिवस पुनरुज्जीवन सभा झाल्या तेव्हा खूप रडले, वाटलं आता सगळं बदलणार, पंधरा दिवसांत परत तेच. कॉयरमधल्या एका बहिणीशी सोलोवरून वाजलं तेव्हापासून तिथेही मन लागत नाही, पण तो वेगळा विषय. माझा विश्वासच गेला की काय? आणि आत्मिक नवीकरण म्हणतात ते होतं तरी कसं?

उत्तर: सलाम ताई. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "पण तो वेगळा विषय" इथे अडकलो. मला नाही वाटत तो वेगळा आहे, पण त्याकडे येतो.

आधी तुमची भीती. ज्याचा विश्वास गेलाय तो असं पत्र लिहायला बसत नाही हो. स्तोत्र ५१ मध्ये दावीद राजा तारणाचा आनंद परत दे म्हणून देवाकडे मागतो, म्हणजे दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवण्याएवढं मोठं पाप करून बसलेल्या माणसालाही आनंद हरवलाय हे कळत होतं आणि मागायचं कुणाकडे तेही. आणि एलीया संदेष्टा बघा, कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला स्वतः पाहिला आणि लगेच झुडपाखाली जाऊन देवा आता मला मरण दे म्हणतोय, तर देवदूत त्याला प्रवचन देत नाही, उठवून भाकर-पाणी देतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला देतो. तुमची झोप नीट होतेय का? चेष्टा नाही करत, खरंच विचारतोय.

सभेत रडलात ते खोटं नव्हतं. पण प्रकटीकरणाच्या २ऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला प्रभू काय म्हणतो ते वाचा. कष्ट, धीर, शिकवण, सगळं जागेवर, फक्त पहिली प्रीती सुटलेली. उपाय काय सांगतो, तर कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्यं कर. कृत्यं! पहिल्यासारखं वाटू दे म्हणून वाट बघत बसायला सांगत नाही. तर सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही काय काय करत होतात, कुणी न सांगता कुणाला भेटायला जात होतात, सोलो मिळो न मिळो गात होतात का, ते जरा आठवा.

आता तो "वेगळा विषय". जर्मनीत हेर्नहुट नावाच्या गावात मोरावियन (मोराविया प्रांतातले ख्रिस्ती) निर्वासित काउंट झिंझेनडॉर्फ या जमीनदाराच्या जमिनीवर १७२२ पासून राहायला लागले, सगळे विश्वासासाठी घरदार सोडून आलेले, आणि पाच वर्षांत एकमेकांशी इतके भांडले की मंडळी फुटायची वेळ आली. झिंझेनडॉर्फ घरोघरी जाऊन बोलत बसला, मे १७२७ मध्ये सगळ्यांनी मिळून कसं राहायचं याच्या करारावर सह्या केल्या, आणि त्यानंतर १३ ऑगस्टच्या प्रभुभोजनात (भाकर-द्राक्षरसाच्या विधीत) ते संजीवन, म्हणजे सगळ्या मंडळीचं आत्मिक नवीकरण, आलं ज्याबद्दल आजही लोक बोलतात. तिथून तासातासाची वाटणी करून सुरू झालेली प्रार्थना शंभर वर्षांहून जास्त चालली. आपण सांगताना शंभर वर्षं सांगतो आणि घरोघरीचं बोलणं गाळतो!

मत्तय ५:२३-२४ पण तसंच, दान वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर. आणि तिथे तुझ्या मनात राग असेल तर असं नाहीये, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर असं आहे. मला हे फार उशिरा दिसलं. मी स्वतः कमिटीतल्या एकाशी साउंड सिस्टीमवरून दोन वर्षं बोललो नव्हतो आणि त्याच दोन वर्षांत दर बुधवारी प्रार्थना सभा चालवत होतो, बोला आता.

तेव्हा त्या बहिणीकडे जा. एकट्या जा, पाळकसाहेबांना मध्ये घेऊ नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. आपल्या बाजूचं चुकलं तेवढंच बोला, "पण तू पण" हे तोंडावर आलं तर गिळा. ती कदाचित नीट बोलणार नाही. रोमकरांस १२:१८ मध्ये पौलही "तुमच्याकडून होईल तितकं" एवढंच मागतो.

प्रार्थनेला तास तास बसू नका सध्या. दहा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, गाता येतंच तर गायचं, पण ऐकायला कुणी नसताना. आणि एखादी मैत्रीण शोधा जी आठवड्यातून एकदा तोंडावर विचारेल, काय गं, प्रार्थना होतेय का? अठराव्या शतकात, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळात, मेथडिस्ट लोक साधारण बारा-बारा जणांच्या गटात दर आठवड्याला हेच विचारायचे, तुम्हाला एक जण पुरे.

भेट झाली की कळवा. ती दारातूनच परत पाठवेल, तरी कळवा.