पुरळ गोळ्यांमुळे आले असेल का?

‘ताई, अंगावर पुरळ आलं, गोळ्या बंद करू का?’ एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांचे पालक नागपुरातल्या आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, हा प्रश्न वारंवार विचारतात. तो ऐकला की मला सात वर्षांची एक मुलगी आणि तिची आजी आठवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मार्चअखेरीस त्या आल्या, तेव्हा मुलीला पाच दिवसांपासून ताप होता, डोळे लाल झाले होते आणि कानांमागे फिकट, विरळ पुरळ होते. ‘माता आल्या’ म्हणून दाराला कडुनिंबाचा डहाळा लावून आजींनी औषधे थांबवली होती. मी डबीतल्या गोळ्या मोजल्या, तर तीन दिवसांच्या तशाच शिल्लक होत्या. वस्तीतल्या डॉक्टरांनी पुरळाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत गोवर आढळला नव्हता. पण एचआयव्हीची गोष्ट आजींनी त्यांना सांगितलीच नव्हती.

ही रक्ततपासणी विषाणू शोधत नाही, तर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि पहिल्या तीन दिवसांत ती निरोगी मुलांतही कधीकधी सापडत नाहीत. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांत तर ती उशिरा तयार होतात किंवा होतही नाहीत. गोवराचे पुरळसुद्धा शरीराच्या प्रतिकारातूनच उठते, म्हणून अशा मुलांत ते पुसट राहते, क्वचित उठतही नाही आणि आजार थेट न्यूमोनियापर्यंत जातो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी घशातील स्रावाची, थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करून घेतली, तेव्हा गोवर निश्चित झाला. सलग दोन दिवस जीवनसत्त्व ‘अ’ दिले गेले. मुलगी बरी झाली.

गोळ्यांचे पुरळ बहुधा औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच येते, आणि ही मुलगी त्याच गोळ्या चार वर्षे घेत होती. नव्याने सुरू झालेल्या औषधाचा संशय मात्र जरूर घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अबाकाविर या एचआयव्हीवरील औषधाची तीव्र ॲलर्जी झाल्यामुळे ते थांबवलेले असेल, तर पुन्हा दिल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून बंद-चालूचा निर्णय घरी घेऊ नये, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

आजींची खरी भीती वस्तीत कळण्याची होती. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एचआयव्ही असल्याची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवरही बंधनकारक आहे, हे मी त्यांना दोनदा समजावले.

पुढे शेजारच्या मुलाला कांजिण्या झाल्या, तेव्हा आजी त्याच दिवशी नातीला घेऊन आल्या. तिच्या अंगावर तेव्हा एकही फोड नव्हता.