सही येते, म्हणजे साक्षर का?

एका वाचकाने विचारले आहे: ‘आजीला सही करता येते, पण वाचता येत नाही. तिला साक्षर म्हणायचे का? आणि साक्षर व सुशिक्षित यांत फरक काय?’

आजींना साक्षर म्हणता येणार नाही. जनगणनेत ७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते, ती साक्षर धरतात. शाळेचा दाखला लागत नाही. नुसते वाचता येते, लिहिता येत नाही, अशी व्यक्ती मात्र त्यात बसत नाही. या व्याख्येत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘समजून’ हा शब्द.

जुन्या मराठी कागदपत्रांत पाटलाच्या नावाशी सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’, म्हणजे नांगराची खूण, असते. पुढे अंगठा आला. गिरवून गिरवून हातात बसलेली सही त्याच जातीची: मान्यता कळते, पण वरचा मजकूर सही करणाऱ्याला उमगला का, ते कळत नाही. आणि माणूस नाडला जातो तो त्या वरच्या मजकुरातच. खरेदीखत असो, कर्जाचा कागद असो, दुसरा जे वाचून दाखवील त्यावर विसंबावे लागते. अविद्येपायी शेतकरी कसा लुबाडला जातो हे जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पोटतिडकीने मांडले, ते याच दुखण्याबद्दल.

सुशिक्षित म्हणताना आपण शिक्षणाबरोबर समज आणि वागणूकही मोजतो. साक्षर या शब्दावर ते ओझे नाही, आणि टाकूही नये. संस्कृतातल्या एका सुभाषितात तर म्हटलेच आहे की ‘साक्षरा’ उलटे फिरले की ‘राक्षसा’ होतात!

याच कारणाने निरक्षर माणसाला ‘अडाणी’ म्हणणे मला साफ नामंजूर आहे. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांना अडाणी म्हणायला कोण धजेल? पण त्यांची गाणी आज आपल्या हाती आहेत, ती मुलगा सोपानदेव आणि घरातल्या लिहित्या माणसांनी उतरवून घेतली म्हणून. ज्यांच्या घरात लिहिते कोणी नव्हते, अशा किती जणींच्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या असतील.

तेव्हा आजींबद्दल ‘सही करता येते’ एवढेच म्हणावे. त्यांची इच्छा असेल तर नातवंडांनी सहीतल्याच अक्षरांपासून वाचन शिकवायला घ्यावे; ती त्यांच्या हाताला आधीच ओळखीची आहेत.