शब्दकोश हाती असला तरी

प्रश्न : आमच्या अभ्यासवर्गात बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय वाचताना काही तरुण मोबाइलवरील कोश पाहून सांगतात, की तेथे प्रीतीसाठी आलेल्या दोन ग्रीक क्रियापदांपैकी ‘अगापाओ’ म्हणजे दैवी प्रेम करणे आणि ‘फिलेओ’ म्हणजे केवळ मैत्री ठेवणे. हे ग्राह्य धरावे काय? (एक वाचक, जालना)

उत्तर : इतका काटेकोर भेद ग्राह्य धरता येत नाही. पिता पुत्रावर प्रीती करतो, हे सांगताना योहान ३:३५ मध्ये ‘अगापाओ’ आहे आणि ५:२० मध्ये तेच सांगताना ‘फिलेओ’ आहे. पित्याची प्रीती दोन अध्यायांत उणावली, असे कोणीही म्हणणार नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर २ शमुवेल १३ मध्ये अम्नोनाच्या, आपली सावत्र बहीण तामार हिच्याविषयीच्या वासनेलाही ‘अगापाओ’ हेच क्रियापद योजले आहे.

अशा अनेक मोबाइल कोशांत मूळ शब्दांपुढे दिसणारे क्रमांक जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या बायबल शब्दसूचीतून आले आहेत. ती सूची शब्द कोठे कोठे आला आहे हे दाखवण्यासाठी अत्यंत उपयोगी आहे, आणि तरुण मंडळी ती उघडून पाहतात याचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र तिच्यात शब्दापुढे दिलेले सर्व अर्थ एकाच वचनात कोंबणे चुकीचे ठरते. म्हणून वर्गात प्रथम संपूर्ण अध्याय मोठ्याने वाचावा, मग तोच लेखक तो शब्द अन्यत्र कसा वापरतो ते पाहावे आणि कोश त्यानंतरच उघडावा. मूळ हिब्रू व ग्रीकवरून पंडिता रमाबाईंनी केलेले मराठी भाषांतर मिळाल्यास तेही शेजारी ठेवावे.