वाचकांचे प्रश्न: गॅब्रिएला दोरिओ नक्की कोण?

प्रश्न: १५०० मीटर धावणाऱ्या इटलीच्या दोरिओबद्दल कुठंतरी ओझरतं वाचलं. सोव्हिएत पोरी आल्या नव्हत्या म्हणून तिला गोल्ड मिळालं असं एकजण म्हणाला, खरंय का?

उत्तर: अर्धंच खरंय. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर सोव्हिएत युनियन आणि पूर्व जर्मनीनं बहिष्कार टाकला होता हे बरोबर, पण रोमानिया आला होता ना! आणि फायनलला दोरिओच्या मागं कोण राहिलं तर रोमानियाच्याच दोघी: दोइना मेलिंते, जिनं त्याच ऑलिम्पिकमध्ये ८०० चं गोल्ड घेतलेलं, आणि मारिचिका पुइका, जिनं ३००० चं. दोघींना मागं टाकून ४:०३.२५ मध्ये जिंकली, आता याला फुकटचं मेडल कसं म्हणायचं?

बरं, ही काय एका रात्रीत आलेली नव्हती. जन्म १९५७ चा, पादुआजवळच्या वेज्जानोचा. १९७६ ला माँट्रियलमध्ये सहावी, १९८० ला मॉस्कोत चौथी, म्हणजे मेडल अगदी हातातोंडाशी येऊन गेलं (माझ्या मते चौथा नंबर सगळ्यात जास्त छळतो). मधे १९८२ ला युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. लॉस एंजेलिसलाही ८०० मध्ये परत चौथीच, आणि मग काही दिवसांनी हे गोल्ड.

तिचं १९८२ चं ३:५८.६५ हे टायमिंग इटलीचं रेकॉर्ड म्हणून ४२ वर्षं टिकलं, शेवटी २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या सेमीफायनलमध्ये सिंतायेहू विस्सानं ते मोडलं.