मोरपंखी रंग हवाय, पण कुठल्या भिंतीला?

प्रश्न: ताई, आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो, टू बीएचके आहे. हॉल बारा बाय चौदाचा, खिडकी एकच, पश्चिमेला, आणि उन्हाळ्यात तिच्यातच कूलर बसतो. मला चारही भिंतींना गडद मोरपंखी हवाय, निळा पण नाही अन् हिरवा पण नाही असा. सासूबाई म्हणून राहिल्या की घराची अंधारकोठडी होईल, मिस्टरांना क्रीमच बरा वाटतो. सोफा सागवानी आहे, तो बदलायचा नाही. दिवाळीआधी उरकायचंय, काय करू?

उत्तर: करा की, पण एकाच भिंतीला, इथे मी सासूबाईंच्या पार्टीत. एका खिडकीच्या हॉलमध्ये चार गडद भिंती उजेड पार गिळून टाकतात, दिवसाही लाईट लावून बसावं लागेल. रंग द्यायचा तो खिडकीच्या समोरच्या भिंतीला, कारण उजेड तिच्यावर पडतो आणि मोरपंखी तिथेच खुलतो. खुद्द खिडकीची भिंत अजिबात नको, बाहेरच्या उन्हापुढे ती काळपट दिसते, शिवाय कूलरचं पाणी झिरपून क्षाराचे पांढरे डाग येतात ते क्रीमवर खपून जातात, गडद रंगावर मात्र दारातूनच दिसतात. बाकीच्या तीन भिंती किंचित पिवळसर ऑफव्हाईट, सिलिंग पांढरंच.

आता शेड. दुकानातल्या कार्डावरची बोटभर पट्टी बघून ठरवू नका. छोटा डबा आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग तो त्याच भिंतीला टेकवून सकाळी, चार वाजता आणि रात्री बघा. रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पिवळ्या बल्बखाली हाच रंग हिरव्याकडे झुकतो आणि पांढऱ्या ट्यूबलाईटखाली निळा दिसतो, मग घरात भांडण की दुकानदाराने चुकीचा डबा दिला.

फिनिश मॅट घ्या, चकचकीत पेंटमध्ये पुट्टीचा प्रत्येक उंचसखल भाग उठून दिसतो. मुलं भिंतीला हात लावत असतील तर हलकी शीन असलेला, धुता येणारा घ्या. पेंटरला आधी राखाडी प्रायमर मारायला सांगा, पांढऱ्यावर गडद रंग लवकर झाकत नाही, तरी तिसरा हात लागू शकतो. सगळा रंग एकदमच मिक्स करून घ्या, नंतर आणलेल्या डब्यात थोडा फरक पडू शकतो.

काम दसरा झाल्यावर काढा, दिवाळीपर्यंत वीसेक दिवस मिळतात आणि पावसाची ओल गेलेली असते. ओल्या भिंतीवर घाईने पुट्टी भरली तर पापुद्रे निघणारच.

सोफ्याची काळजीच नको, सागवानाचा तांबूस तपकिरी आणि मोरपंखी यांचं छान जमतं. मोहरी रंगाच्या दोन-तीन उशा, एखादी पितळी समई, बस्स! त्या भिंतीवर परत मोराचं स्टिकर लावायचा मोह मात्र आवरा, प्लीज. टीव्ही, फोटो, घड्याळ यांची ड्रिलिंग रंगाआधीच उरकून घ्या, गडद भिंतीवरचं टचअप कितीही केलं तरी वेगळं दिसतं. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून वर शेडचा नंबर लिहून ठेवा.